दंड लावला आणि उशीर वाढला

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून) :

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचे प्रेस पार्ट (पत्रा यंत्रावर दाबून-कापून केलेले सुटे भाग) बनवायचा कारखाना आहे. माणसं ३८. त्यातली १४ कायम, बाकीची ठेकेदाराकडची. दोन पाळ्या चालतात. दीड वर्षापूर्वी वडिलांची बायपास झाली आणि कारभार माझ्याकडे आला. वडिलांचा कारभार आरडाओरड्याचा, पण कुणाच्या मुलीच्या लग्नाला उचलही तेच द्यायचे. मी पुण्यात व्यवस्थापन शिकले. विश्वासाने चालवायचं ठरवलं. यायच्या वेळेत पंधरा मिनिटांची सूट दिली, सूचनापेटी लावली, कुणाच्या मागे लागू नका असं सुपरवायझरना सांगितलं. सहा महिन्यांत उशीर वाढला आणि रिजेक्शन (नापास होणारा माल) २ टक्क्यांवरून साडेचारवर गेलं. मग मी उलटी फिरले. उशिराला १०० रुपये दंड, रिजेक्शनलाही दंड. उशीर आणखी वाढला. दोन चांगले सेटर (प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवणारे कारागीर) दीड हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या युनिटमध्ये गेले. आमचे अण्णा वीस वर्षांपासून सुपरवायझर आहेत. पोरांना सगळ्यांसमोर शिव्या घालतात, माझ्यापुढे मान डोलावतात आणि संध्याकाळी वडिलांना फोन लावतात. घरातले म्हणतात, आपल्याकडची माणसं दटावल्याशिवाय काम करत नाहीत. मी कडक व्हायचं की मऊ? अण्णांना काढू का?

– एक उद्योजिका, नाशिक

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रात अडचणी तीन आहेत आणि तिन्हींचं खापर तुम्ही स्वतःच्या स्वभावावर फोडलं आहे. मऊ होते म्हणून बिघडलं, कडक झाले म्हणून आणखी बिघडलं. पण उशिराचं कारण बसच्या वेळापत्रकात असू शकतं, रिजेक्शनचं डायच्या धारेत आणि सेटर जाण्याचं पगारपत्रकात. मालकिणीने आवाज चढवला किंवा उतरवला तर या तिन्हींत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ‘कडक की मऊ’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू.

आधी घरातल्यांचं वाक्य. आपल्याकडची माणसं म्हणजे नेमकी कोण? दिंडोरी-निफाडकडचा तुमचा ऑपरेटर घरी द्राक्षबाग बघतो. रात्री लाइट आली की पाणी द्यायला उठतो. गावच्या सप्त्यात हजार माणसांची पंगत वेळेवर उठवणाऱ्यांत तो असतो. तिथे त्याला कुणी दटावत नाही. डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६० मध्ये वरिष्ठांच्या मनातल्या दोन समजुतींना एक्स आणि वाय अशी नावं दिली. एक्स म्हणजे माणूस मुळात कामचुकार, त्याला हाकावंच लागतं. वाय म्हणजे काम नीट लावून दिलं तर माणूस आपणहून जबाबदारी घेतो. लोक यावरून मालकांच्या दोन जाती पाडतात आणि तिथेच थांबतात. त्यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. ही समजूत स्वतःला खरी करून दाखवते. ज्याच्यावर वीस वर्षं नजर ठेवली, तो नजर हटली की हात सैल सोडतो. आणि मालक म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं? तुमच्या कारखान्यात नेमकं हेच झालं. वडिलांच्या काळात नजर हीच व्यवस्था होती. तुम्ही नजर काढलीत आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही जे केलंत त्याला मी विश्वास म्हणणार नाही. १९३९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर एक प्रयोग केला होता. एका पद्धतीत मोठा माणूस हुकूम सोडायचा, दुसऱ्यात मुलांशी बोलून काम ठरवायचा, तिसऱ्यात तो नुसता बसून राहायचा. हुकमाखालचं काम तो खोलीबाहेर गेला की कोसळायचं. बोलून ठरवलेलं काम तो नसतानाही बऱ्यापैकी चालू राहायचं. सगळ्यात रडतखडत काम तिसऱ्या पद्धतीत झालं. तुम्ही दुसरी पद्धत करायला निघालात आणि हातून तिसरी झाली. ‘कुणाच्या मागे लागू नका’ हे सुपरवायझरना सांगितलंत. मग पहिला नग कोण तपासणार, पाळी बदलताना काय सांगून जायचं, खाडा कुणाला कळवायचा, हे सांगितलं का? सूचनापेटीत किती चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या कितींना उत्तर गेलं? उत्तर न मिळालेली पेटी नसलेल्या पेटीपेक्षा वाईट, कारण ती गेटवर लटकून रोज आठवण करून देते.

आता दंड. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे, म्हणून त्यांतल्या काही ठिकाणी दहा मिनिटांपुढच्या उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला की शिक्षिकेसमोर ओशाळं वाटायचं. आता उशिराला भाव ठरला, तो दिला की प्रश्न मिटला. तुमचा पुढचा निर्णय यावर अवलंबून आहे म्हणून अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नंतर दंड काढून टाकला, तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. म्हणजे नुसता दंड रद्द करून भागणार नाही, त्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं.

कायद्याची बाजूही बघा, कारण अंबड-सातपूरमधल्या बऱ्याच लहान कारखानदारांचा इथे गोंधळ असतो. समजा हेल्परचा पगार १६,६४० रुपये आहे. २६ दिवसांनी भागलं की दिवसाचे ६४०, आठ तासांनी भागलं की तासाचे ८०. पंधरा मिनिटांचे झाले २० रुपये. ते कापता येतात, कारण तेवढा वेळ काम झालेलं नाही. त्याच्या वरचं सगळं दंडात मोडतं, आणि दंडाला १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही बंधनं होती, नव्या वेतन संहितेतही आहेत. कोणत्या चुकीला दंड हे आधी मंजूर करून घेऊन फलकावर लावलेलं असावं लागतं, कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, नोंदवहीत लिहावं लागतं, आणि महिन्याचा एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे जाता कामा नये. १६,६४० चे ३ टक्के म्हणजे ४९९ रुपये. शंभराप्रमाणे पाचव्या उशिराला तुम्ही मर्यादेबाहेर जाता. शिवाय तो पैसा मालकाचा होत नाही, कामगारांच्याच भल्यासाठी खर्चावा लागतो. रिजेक्शनची वसुली तर त्याहून अवघड. नुकसान त्या माणसाच्या निष्काळजीपणामुळेच थेट झालं हे दाखवावं लागतं, आणि प्रेस शॉपमध्ये ते दाखवणं किती कठीण आहे ते पुढे येईलच.

मग उशिराचं करायचं काय? आधी पंचिंग मशीनमधून गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा आणि प्रत्येक उशिरासमोर चार गोष्टी लिहा: कोण, कुठे राहतो, कोणता वार, कोणती पाळी. ३८ माणसांचं हे काम एका दुपारचं आहे. साधारणपणे असं दिसतं की निम्म्याहून जास्त उशीर पाच-सहा जणांचेच असतात. त्यातले काही सिटीलिंकच्या एकाच बसने येत असतील, काही त्र्यंबककडून दुचाकीवर डबलसीट. एकाला उशीर झाला की दोघांना होतो. असं निघालं तर पाळी सातऐवजी सव्वासातला सुरू करून महिनाभर बघा. पंधरा मिनिटं पुढे सरकवणं आणि पंधरा मिनिटांची सूट देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सूट दिली की सूटच खरी वेळ होऊन बसते. वेळ हलवली की ती सगळ्यांची एकच राहते आणि पहिल्या मिनिटाला प्रेस सुरू होतो की नाही हे डोळ्यांना दिसतं.

उरलेल्यांशी बोलायचं. महिन्यातल्या तिसऱ्या उशिराला, त्याच दिवशी, बाजूला घेऊन, पाच मिनिटं. विचारायचं एवढंच: काय होतंय, आणि उद्यापासून काय वेगळं करणार? तो जे सांगेल ते वहीत त्याच्यासमोर लिहायचं आणि तारीख टाकायची. पाचव्याला लेखी समज. हे कडक आहे की मऊ, तुम्हीच ठरवा. दंड लावणारी मालकीण असं बोलणं टाळत असते, कारण शंभर रुपये कापणं तोंडावर विचारण्यापेक्षा सोपं असतं.

खाड्यांचा विषय पत्रात नाही, पण नाशिकमध्ये तो असतोच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडची माणसं जून-जुलैत भाताच्या आवणीला जाणार. बागाईतदार घरांतली सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीला आणि जानेवारीपासून काढणीला अडकणार. त्यांना अडवून फायदा नाही; न सांगता गेले की नुकसान दुप्पट होतं. मे महिन्यातच कॅलेंडर भिंतीवर लावा आणि कुणाला कोणते दिवस हवेत ते त्यांच्याकडूनच भरून घ्या. एका लाइनवरचे दोघं एकाच आठवड्यात जाणार नाहीत, एवढी एकच अट. आपसात अदलाबदल त्यांना तुमच्यापेक्षा चांगली जमते.

रिजेक्शनवर जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमचे पैसे खरे तिथे जातायत.

पत्र्याच्या नगाला बर, म्हणजे कापलेल्या कडेला खरखरीत धारदार कोर, येते तेव्हा दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. पंच (वरून पत्र्यावर आदळणारा भाग) आणि डायमधला गॅप पत्र्याच्या जाडीच्या मानाने ठरलेला असतो, मऊ पोलादी पत्र्याला दर बाजूला साधारण ५ ते १० टक्के. धार झिजली की बर वाढत जाते. नगाच्या सगळ्या कडेला सारखी बर असेल तर धार गेलेली असते. एकाच बाजूला असेल तर सेटिंग सरकलेलं असतं, पंच आणि डाय एका रेषेत नसतात. दोन्ही ठिकाणी प्रेसवर उभा असलेला ऑपरेटर काही करू शकत नाही, फक्त थांबवू शकतो. त्याला तुम्ही दंड लावलात. मग तो काय करेल? थांबवणार नाही, कारण थांबवलं तर अण्णा ओरडणार. सांगणारही नाही, कारण सांगितलं तर दंड. खराब नग चांगल्यांत मिसळेल किंवा स्क्रॅपच्या पिंपात तळाशी घालेल. ते ग्राहकाच्या लाइनवर सापडले की पूर्ण लॉट परत येतो. रिजेक्शनवरच्या दंडाने रिजेक्शन घटत नाही, त्याची खबर घटते.

हे उलटं फिरवायचं तर तीन महिने रिजेक्शनचा दंड पूर्ण बंद, आणि तसं लेखी जाहीर. प्रत्येक प्रेसजवळ लाल क्रेट ठेवा. खराब नग त्यातच जाणार, आणि क्रेटवरच्या कार्डावर फक्त रेघ मारायची: बर, माप, ओरखडा, अर्धवट फीड (पत्रा पुरता न सरकणं), इतर. पाचच रकाने, जास्त नकोत. दोन आठवड्यांनी बेरीज करा. एक-दोन कारणं बाकी सगळ्यांवर भारी पडलेली दिसतील. दुसरं, डायचं कार्ड. किती स्ट्रोक (प्रेसचे ठोके) झाले, शेवटचं ग्राइंडिंग कधी. किती स्ट्रोकनंतर धार लावायची हा आकडा पत्र्यावर आणि डायच्या पोलादावर ठरतो. तो तुमच्याच कार्डांतून दोन-तीन महिन्यांत निघेल. तोवर मोडल्यावर दुरुस्ती चालली आहे, असं समजा. तिसरं, सेटिंग झाल्यावर पहिला नग तपासून सही झाल्याशिवाय उत्पादन सुरू नाही, आणि पुढे दर तासाला पाच नग.

इथे एक सावधगिरी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रिजेक्शनचा आकडा वाढेल. साडेचारचा सहा होईल. लपलेला माल वर येतोय म्हणून तो वाढतो, काम बिघडलं म्हणून नाही. ही गोष्ट वडिलांना आणि अण्णांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात घरी ताट वाढताना विषय निघेल आणि तुम्ही पुन्हा दंडाकडे वळाल. आणि पहिल्यांदा कुणी बर दिसली म्हणून प्रेस थांबवेल, तेव्हा तुम्ही स्वतः तिथे जा. ट्रक उभा असेल, अण्णा तापलेले असतील, त्या वेळी तुम्ही त्या मुलाला काय म्हणता यावर सगळ्या कारखान्याचं लक्ष असेल. ‘बरं केलंस’ एवढं पुरे.

आता अण्णा. त्यांना काढू नका, निदान आत्ता नको. अण्णांकडे एकाच वेळी चार कामं आहेत असं पत्रावरून वाटतं: हजेरी, डाय सेटिंग, डिस्पॅच आणि नव्या पोरांना शिकवणं. दोन सेटर गेल्यावर सेटिंगचा बोजा त्यांच्याच अंगावर आला असणार. ट्रक दारात, डाय बसलेली नाही, दोघांचा खाडा. अशा वेळी शिवी तोंडातून निघते. तिचं समर्थन नाही, पण ओरडण्यातला बराचसा भाग कामाच्या मांडणीतून येतो आणि तेवढा भाग मांडणी बदलून कमी होतो. हजेरी आणि रजा त्यांच्याकडून काढून ऑफिसकडे घ्या. डिस्पॅच दुसऱ्या कुणाला द्या. सेटिंग आणि शिकवणं ठेवा. वीस वर्षांचा माणूस प्रेसच्या आवाजावरून डाय बसली की नाही सांगतो, ते ज्ञान कागदावर कुठेच नाही आणि त्यांच्यासोबत ते जाईल.

पण चांगल्या कारागिराला चांगलं शिकवता येतंच असं नाही. बहुतेक अण्णा ‘बघ आणि शिक’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो नवी माणसं भरायची वेळ आली तेव्हा सुपरवायझरांसाठी शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत तयार झाली होती. पुढे ती जपानी कारखान्यांत रुजली. आधी माणसाला सैल करा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, प्रत्येक टप्पा आणि त्यातली खुबी सांगत. मग त्याच्याकडून करवून घ्या, आणि तो करत असताना का करतो ते त्याच्या तोंडून वदवून घ्या. मग सोडा, पण पहिल्या दिवशी तासातासाला आणि पुढे रोज एकदा जाऊन बघा. तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. समजलं का, विचारलं की मुलगा हो म्हणतो. अण्णांसमोर नाही कोण म्हणेल? अण्णांना एका डायचं सेटिंग टप्प्याटप्प्याने सांगायला लावा आणि एखाद्या मुलाकडून लिहून घ्या. दहा-बारा ओळींत बसेल. पहिलं कार्ड अण्णांच्या नावाने भिंतीवर लावा.

त्यांच्याशी बोलणं तुम्हालाच करावं लागेल, वडिलांना मध्ये न घेता. केबिनमध्ये बोलावू नका; पाळी सुटल्यावर डाय रॅकपाशी उभं राहून बोला. ‘अण्णा, सेटिंग आणि पोरांना तयार करणं हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, म्हणून हजेरीची कटकट मी काढून घेतेय. एक गोष्ट मात्र माझी. आईबहिणीवरून शिवी आणि सगळ्यांसमोर पाणउतारा या कारखान्यात होणार नाही. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखवा.’ एवढंच, आणि मग गप्प राहा. ते कदाचित म्हणतील, साहेबांच्या वेळी असं नव्हतं. वाद घालू नका, नव्हतंच.

फोनचा बंदोबस्त मात्र अण्णांकडे करायचा नाही, वडिलांकडे करायचा. अण्णा फोन करतात कारण पलीकडून उचलला जातो. वडिलांना सांगा: फोन घ्या, तब्येतीचं बोला, जुन्या गप्पा मारा, कामाचा विषय निघाला की ‘ताईंशी बोल’ हे दोन शब्द. हे जमलं नाही तर बाकी काही जमणार नाही, कारण माणसं दोन मालकांमधून नेहमी सोयीचा निवडतात. तीन महिन्यांनंतरही शिवीगाळ तशीच राहिली तर लेखी समज, पुढे सुपरवायझरकी काढून फक्त टूलरूम. तो निर्णय तेव्हा घ्यायचा, तोही कागदावरच्या नोंदींवरून, संतापात नाही.

कडकपणा हवाच, पण नेमका कुठे? प्रेसचं गार्ड आणि दोन हातांची बटणं (दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस चालतो). एक बटण टेपने दाबून ठेवलेलं दिसलं की प्रेस त्या क्षणी बंद, ट्रक उभा असो की ग्राहक. इथे चर्चा नाही, सूचना नाही, अण्णांना सूट नाही. गेलेली बोटं परत येत नाहीत. याच्या उलट टोकाला, आठ वर्षं जुन्या सेटरला आज कोणते तीन डाय बसवायचे एवढं सांगून बाजूला व्हायचं. नवा हेल्पर पहिल्या आठवड्यात तुमच्या ‘तुला कसं वाटतं’ने गोंधळून जातो, त्याला काय, कसं आणि किती ते स्पष्ट सांगावं लागतं. हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये हीच गोष्ट मांडली, की सांगण्याचं प्रमाण समोरचा त्या कामात किती तयार आहे यावर बदलावं. संशोधनाच्या कसोटीवर त्यांची मांडणी पूर्ण उतरली असं म्हणता येत नाही, पण रोजच्या वापराला ही नजर उपयोगी पडते. ‘त्या कामात’ हे मात्र विसरू नका. सेटिंगमध्ये पक्का असलेला माणूस संगणकावर नोंद करताना नवखाच असतो.

जास्त मोकळीक द्यायची असेल तर शेजारच्या राज्यातलं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन अपेक्षेइतकं निघत नव्हतं. कामाचे इतके बारीक तुकडे केले होते की कुठला माग नेमका कुणाचा हे सांगताच येत नव्हतं. बोलण्यातून छोटे गट करायची कल्पना निघाली; काही मागांची पूर्ण जबाबदारी एका गटाची, आणि गटात कोण हे कामगारांनीच ठरवलं. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी ती पद्धत टिकलेली होती, काही ठिकाणी जुनी परत आली होती. ‘आपली माणसं’ म्हणणाऱ्यांना दाखवायला हे पुरे आहे. आणि गट एकदा केले की झालं, असं समजणाऱ्यांनाही.

तुम्ही हे एकाच लाइनवर करून बघा. दोन-तीन प्रेस, पाच माणसं, एकच ग्राहक. दिवसाचा आकडा त्यांना द्या; कोण कोणत्या प्रेसवर, चहाची सुट्टी कशी फिरवायची, खाडा पडला तर काय, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. कच्चा माल आणि धार लावलेली डाय वेळेवर पोचवणं ही तुमची बाजू. ती चुकली तर गट आठवड्यात मोडतो आणि मग सगळे म्हणतात, बघा, मोकळीक दिली की असं होतं. सूचनापेटी काढून टाका. त्याऐवजी पाळी बदलताना प्रेसपाशी उभ्याने दहा मिनिटं: काल काय अडलं, आज काय अडणार, काय हवंय. जे मागतील त्याला सात दिवसांत हो, नाही किंवा कधी, असं उत्तर. पहिल्या मागण्या पंखा, प्यायचं पाणी आणि संडासाची कडी याच असतील. त्या आधी करा. धारेविषयी लोक त्यानंतर बोलायला लागतात.

सेटर गेले ते पैशासाठी, असं तुम्ही लिहिता. अर्धं खरं असेल. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांचं जुनं निरीक्षण असं की पगार कमी पडला की माणूस नाराज होतो, पण पुरेसा झाला म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. पगार आधी बाजारभावावर आणा, मग बाकीचं. उरलेल्या सेटरांचा पगार शेजारच्या तीन-चार युनिटांशी ताडून बघा. फरक हजाराच्या वर असेल तर वार्षिक वाढीची वाट न बघता भरून काढा. नवा सेटर तयार होईपर्यंतचं रिजेक्शन त्याहून महाग पडतं. पगार सात तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुपटीने. ठेकेदाराने पैसे थकवले तर जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते, म्हणून त्याच्याकडून दर महिन्याला पगाराचा आणि पीएफ भरल्याचा पुरावा घेतल्याशिवाय बिल काढू नका. वडिलांची उचल बंद केली असेल तर पुन्हा सुरू करा, फक्त नियमाने: किती, कोणत्या कारणाला, किती हप्त्यांत. आरडाओरडा असूनही माणसं इतकी वर्षं टिकली ती त्या उचलीमुळे असू शकतात, आणि तुम्ही दोन्ही एकदम बंद केलं असेल.

ज्यांचा कारखाना नाही त्यांनीही आपापल्या कामात हा फरक करून बघावा. पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये घड देठाला धरूनच उचलायचा, मण्याला हात लावायचा नाही, नाहीतर वरचा पांढरा मेणचट थर पुसला जातो. ही रीत सक्तीचीच. तिथे पेटीमागे पैसे लावले की हात घाईने चालतात आणि मणी गळतात. पण कोणत्या टेबलावर कोण बसणार आणि घरी लहान मूल असलेल्या बाईने कोणत्या पाळीला यायचं, हे बायकांनीच ठरवलेलं बरं असतं. दवाखान्यात हात धुण्यावर चर्चा नसते, ड्युटीच्या अदलाबदलीवर असू शकते.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा: पंचिंगच्या नोंदी आणि लाल क्रेट. दंड रद्द केल्याची नोटीस त्यानंतर लावा, पाळीची नवी वेळ आणि तिसऱ्या उशिराला बोलण्याचा नियम त्याच कागदावर घालून. नोटीस मराठीत आणि हिंदीत हवी. ठेकेदाराकडची मुलं परप्रांतांतली असतील तर त्यांना नुसती मराठी पुरणार नाही. आजवर जमा झालेला दंड किती आणि तो कशावर खर्च होणार तेही त्यात लिहा. पाण्याचा कूलर घ्यायचा की पंखे, ते उभ्याच्या मीटिंगमध्ये त्यांनाच ठरवू द्या.